रेडकॅप: इमर्जन्सी, राउंड आणि थिसिस एकत्र सांभाळणाऱ्या रेसिडेंटसाठी

एमडी-एमएसचा थिसिस बहुतेक वेळा कॅज्युअल्टीतच बिघडतो. स्टॅटिस्टिशियनकडे गेल्यावर ते फक्त कळतं. रात्री अडीचला सर्पदंशाचा पेशंट येतो, माहिती भरायचा छापील फॉर्म, म्हणजे प्रोफॉर्मा, हॉस्टेलच्या टेबलावर पडलेला असतो, आणि साप नेमका किती वाजता चावला हे कोणीच लिहून ठेवत नाही. दीड वर्षाने मास्टर चार्ट (सगळ्या पेशंटचा एकत्र तक्ता) भरायला बसलं की एमआरडीतून, म्हणजे हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागातून, काढलेल्या इंडोर पेपरवर एवढंच सापडतं: "काल संध्याकाळी शेतात सर्पदंश." असे चाळीस पेपर निघाले की "दंशापासून प्रतिविषापर्यंत किती तास" हा रकाना रिकामा राहतो. ज्या प्रश्नासाठी विषय घेतला, तोच हातातून जातो.

रेडकॅप हे संशोधनाची माहिती भरून साठवण्याचं सॉफ्टवेअर याच कसोटीवर तपासायला हवं. राउंड, इमर्जन्सी, ओपीडी यांच्या फटीत दहा-दहा मिनिटं मिळणाऱ्या रेसिडेंटकडून ते पेशंट समोर असतानाच योग्य माहिती भरून घेतं का? घेतं, आणि फार चांगल्या तऱ्हेने घेतं. मात्र त्यासाठी लागणारी मेहनत पहिल्या वर्षातच करावी लागते. ती टाळली तर रेडकॅप आणि एक्सेलची साधी शीट यांत फारसा फरक उरत नाही.

मिळतं कसं

अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात पॉल हॅरिस यांच्या गटाने 2004 मध्ये हे बनवलं. आज दीडशेहून अधिक देशांतल्या संस्था ते वापरतात. ना-नफा संस्थांना लायसन्स मोफत आहे, पण ते संस्थेच्या नावावर मिळतं, एकट्या डॉक्टरला नाही. कॉलेजने करार करायचा, स्वतःचा सर्व्हर द्यायचा, त्यावर पीएचपी आणि मायएसक्यूएल चालवायचं, रोजचा बॅकअप आणि वेळोवेळचे अपडेट सांभाळायचे, असा मामला आहे. म्हणून पहिला प्रश्न कॉलेजच्या रिसर्च सेलला विचारायचा: आपल्याकडे रेडकॅप आहे का? आणि लगेच दुसरा: सर्व्हर कॅम्पसबाहेरून उघडतो का? अनेक ठिकाणी तो फक्त आतल्या नेटवर्कवर चालतो. हे आधी माहीत नसेल तर जिल्हा रुग्णालयातल्या पोस्टिंगमध्ये हात बांधले जातात.

कॉलेजकडे नसेल तर थिसिससाठी स्वतः सर्व्हर उभारण्याच्या फंदात पडू नये. करार संस्थेलाच करावा लागतो आणि त्या कागदपत्रांत सहा महिने सहज जातात. मग पुढे दिलेले पर्याय बघावेत.

छत्तीस महिन्यांचा हिशोब

साधनाविषयी बोलण्याआधी वेळेचा अंदाज हवा, कारण फॉर्म किती मोठा करायचा हे त्यावरच ठरतं. कोर्स 36 महिन्यांचा. सिनॉप्सिस (थिसिसचा आराखडा), गाईडच्या दुरुस्त्या आणि एथिक्स कमिटीची मंजुरी यांत पहिले सहा जातात. थिसिस अंतिम परीक्षेच्या किमान सहा महिने आधी द्यायचा असतो, म्हणजे आणखी सहा गेले. डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सीचे, म्हणजे जिल्हा रुग्णालयातल्या पोस्टिंगचे, तीन महिने तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या सेमिस्टरमध्ये येतात. विश्लेषण, लेखन, छपाई आणि गाईडच्या सह्यांना तीन महिने ठेवा. हातात राहिले अठरा. नमुना 90 पेशंटचा असेल तर महिन्याला पाच.

पाच हा आकडा सोपा वाटतो, पण सर्पदंश वर्षभर सारखे येत नाहीत. जून ते सप्टेंबरमध्ये वॉर्ड भरतो आणि जानेवारीत एखाददुसराच पेशंट असतो. अठरा महिन्यांत फार तर दोन पावसाळे मिळतात. डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सी जुलैत लागली तर त्यातला एक जवळजवळ वाया जातो. रोटेशनची यादी बनत असतानाच विभागप्रमुखांकडे हिवाळ्यातली तुकडी मागावी. ते जमत नसेल तर त्या तीन महिन्यांत संमती घेणारा आणि फॉर्म भरणारा सहसंशोधक कोण, त्याचं नाव सुरुवातीच्याच एथिक्स अर्जात घालावं. मंजुरी मिळाल्यावर नाव घालायचं म्हणजे दुरुस्तीचा वेगळा अर्ज आणि पुढच्या बैठकीची वाट.

थिसिस हस्तक्षेपाचा असेल, म्हणजे कुठल्या पेशंटला काय द्यायचं हे अभ्यासच ठरवत असेल, तर पहिला पेशंट घेण्याआधी सीटीआरआय या देशाच्या क्लिनिकल ट्रायल नोंदवहीत नोंदणी हवी. एप्रिल 2018 पासून तिथे चाचणीची नोंदणी मागाहून होत नाही.

या सगळ्यातून निघणारी सूचना अशी: फॉर्म एथिक्सच्या मंजुरीची वाट पाहत असतानाच बांधा. पहिल्या वर्षी बेसिक कोर्स इन बायोमेडिकल रिसर्च करावा लागतोच. तेव्हा चल (व्हेरिएबल), सांकेतिक कोड, नमुना आकार हे सगळं डोक्यात ताजं असतं, आणि तोच काळ या कामाला उत्तम.

फॉर्म बांधताना

उदाहरण सर्पदंशाचंच घेऊ. घोणस किंवा फुरसं चावलेल्या पेशंटमध्ये प्रतिविष उशिरा मिळालं तर मूत्रपिंडाला इजा जास्त होते का, असा प्रश्न आहे. छापील प्रोफॉर्मा चार पानांचा असतो. तो जसाच्या तसा एका फॉर्ममध्ये टाकणं ही सर्वांत जास्त आढळणारी चूक. रेडकॅपमध्ये माहिती "इन्स्ट्रुमेंट" नावाच्या तुकड्यांत विभागता येते आणि रेसिडेंटसाठी रेडकॅपची खरी उपयुक्तता इथेच आहे. कॅज्युअल्टीत भरायचा तुकडा जास्तीत जास्त बारा फील्डचा, म्हणजे रकान्यांचा, असावा: अभ्यास क्रमांक, वय, लिंग, दंशाची वेळ, पोचल्याची वेळ, साप पाहिला का, आवळपट्टी बांधली होती का, आधी कुठे उपचार झाले, पहिल्या वीस मिनिटांच्या रक्त गोठण्याच्या चाचणीचा निकाल, प्रतिविष सुरू केल्याची वेळ, किती व्हायल, भरणाऱ्याचं नाव. बाकीचा इतिहास, पत्ता कुठल्या तालुक्यातला, व्यवसाय, जुने आजार हे दुसऱ्या दिवशीच्या राउंडनंतर विचारलं तरी बिघडत नाही. जे उद्या विचारता येतं ते आज रात्रीच्या फॉर्ममध्ये नको.

वयासाठी जन्मतारखेचं फील्ड करू नये. ग्रामीण भागातल्या असंख्य आधार कार्डांवर 1 जानेवारी ही तारीख असते आणि तिच्यावरून काढलेलं वय खोट्या अचूकतेचं ठरतं. पूर्ण वर्षांत वय घ्यावं. ओळख पटवणारी एक बाबही त्याने कमी होते.

फील्ड एकेक करून ऑनलाइन डिझायनरमध्ये बनवता येतात, पण साठ-सत्तर फील्ड असतील तर डेटा डिक्शनरीची, म्हणजे सगळ्या फील्डच्या यादीची, सीएसव्ही फाइल उतरवून, शीटमध्ये ओळी भरून, परत चढवणं कितीतरी जलद होतं. व्हेरिएबलची नावं छोट्या रोमन अक्षरांत, अंडरस्कोअर वापरून, अर्थ कळेल अशी ठेवा. "क्यू17" असं नाव दिलं तर दोन वर्षांनी ते काय होतं हे स्वतःलाही आठवणार नाही. पर्यायांना अंक देताना सगळ्या फॉर्मभर एकच पद्धत हवी: 0 नाही, 1 होय. एका ठिकाणी होय म्हणजे 1 आणि दुसरीकडे 2 असं झालं की विश्लेषणात चुका शिरतात आणि त्या दिसतही नाहीत.

आकड्यांच्या फील्डला किमान-कमाल मर्यादा घाला. क्रिॲटिनिनला (मूत्रपिंडाच्या कामाची रक्ततपासणी) 0.3 ते 10 ठेवली की 1.2 ऐवजी 12 टाइप झाल्यावर लगेच सूचना येते. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी: ही मर्यादा इशारा देते, अडवत नाही. 12 तसाच सेव्ह होऊ शकतो. आकड्याच्या जागी अक्षरं टाकली तरच फील्ड अडून बसतं. "रिक्वायर्ड" केलेलं फील्डही डेटा एंट्रीच्या फॉर्ममध्ये फक्त आठवण करून देतं, ते रिकामं ठेवून पुढे जाता येतं. कॅज्युअल्टीच्या दृष्टीने हे योग्यच आहे, पेशंट झटके देत असताना सॉफ्टवेअरने अडवून चालणार नाही. पण यामुळे आठवड्यातून एकदा "डेटा क्वालिटी" हा विभाग चालवणं टाळता येत नाही. त्यात तयार नियम आहेत: रिकामी रिक्वायर्ड फील्ड, मर्यादेबाहेरचे आकडे, लपलेल्या फील्डमध्ये राहून गेलेली माहिती, चुकीचे ठरलेले गणिती आकडे. बटण दाबलं की यादी येते, आणि पेशंट अजून वॉर्डात असतानाच दुरुस्ती होते. डिस्चार्ज झाल्यावर ती संधी जाते.

माहिती न मिळाल्यास 99 किंवा 999 भरण्याची जुनी सवय इथे सोडावी. प्लेटलेट, युरिया अशा खऱ्या आकड्यांच्या रकान्यात एक 999 राहिला तरी सरासरी बिघडते. प्रोजेक्टच्या सेटिंगमध्ये "मिसिंग डेटा कोड" ठरवता येतात, ते वापरावेत. तपासणी झालीच नाही, झाली पण रिपोर्ट हरवला, पेशंटने नकार दिला, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि परीक्षक त्या वेगळ्या विचारतात.

वेळेची फील्ड

सर्वांत जास्त काळजी इथे घ्यावी. तीव्र आजारांच्या अभ्यासात निष्कर्ष तासांवर उभा असतो. महाडच्या डॉ. हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांची विंचूदंशावरची चाचणी 2011 मध्ये 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. प्रतिविष अधिक प्राझोसिन हे औषध आणि नुसतं प्राझोसिन यांची ती तुलना होती, आणि मुख्य मोजमाप होतं औषध दिल्यापासून दहा तासांत लक्षणं ओसरली का, हे. खाटेजवळ उभं राहून घड्याळ बघून लिहिलेल्या नोंदीशिवाय असा निष्कर्ष निघूच शकत नाही. छोट्या गावात, प्रॅक्टिस सांभाळून ते काम झालं, हे प्रत्येक रेसिडेंटने लक्षात ठेवण्यासारखं आहे.

रेडकॅपमध्ये तारीख आणि वेळ एकत्र घेणारं फील्ड निवडा, दिवस-महिना-वर्ष या क्रमाचं. तारीख एका फील्डमध्ये आणि वेळ दुसऱ्यात ठेवली तर मध्यरात्र ओलांडणाऱ्या प्रत्येक पेशंटमध्ये घोळ होतो, आणि सर्पदंशाचे पेशंट तर मध्यरात्र ओलांडूनच येतात. दोन वेळांमधलं अंतर काढायला "डेटडिफ" हे सूत्र आहे. त्यात दोन्ही फील्डची नावं आणि एकक द्यायचं, तासांसाठी "एच". मूळ स्वरूपात हे सूत्र उत्तर नेहमी धन देतं. म्हणजे दंशाची वेळ चुकून पोचण्याच्या वेळेच्या नंतरची भरली गेली, तरी सूत्र निमूटपणे "3.5 तास" दाखवतं आणि चूक झाकली जाते. सूत्राच्या शेवटी "ट्रू" हा शब्द जोडला की ऋण उत्तर ऋणच दिसतं, आणि उणे चिन्ह दिसताच चूक पकडता येते. हा एक शब्द न विसरता घालावा.

"अ‍ॅट-नाऊ" नावाचा टॅग फील्डला लावला की फॉर्म उघडताच तेव्हाची वेळ आपोआप भरली जाते. ही सोय आकर्षक आहे आणि धोक्याचीही. भरली जाते ती फॉर्म उघडल्याची वेळ, घटनेची नाही. प्रतिविष रात्री दोनला सुरू झालं आणि फॉर्म सकाळी सातला उघडला, तर सात वाजताची नोंद होते आणि ती खरी वाटते. नोंद कधी केली एवढ्यासाठीच हा टॅग वापरावा. घटनेची वेळ माणसाने भरावी, आणि तिच्याशेजारी "वेळ कशावरून" हे छोटं फील्ड ठेवावं: नर्सिंग चार्ट, केस पेपर, नातेवाईक, अंदाज. विश्लेषणात अंदाजाने भरलेले पेशंट बाजूला काढून निष्कर्ष तसाच राहतो का हे बघता येतं. तोंडी परीक्षेत या एका फील्डने बाजू भक्कम होते.

पुन्हा पुन्हा होणाऱ्या तपासण्या

वीस मिनिटांची चाचणी प्रतिविषानंतर दर सहा तासांनी पुन्हा करावी लागते, क्रिॲटिनिन रोज. अशा गोष्टींसाठी "रिपीटिंग इन्स्ट्रुमेंट" आहे: एकच छोटा फॉर्म, प्रत्येक वेळी नवी प्रत. चाचणी एक, चाचणी दोन, चाचणी तीन असे वेगळे रकाने आधीच करून ठेवायला लागत नाहीत, आणि दोन चाचण्यांत बरा झालेला पेशंट व सातव्या चाचणीपर्यंत रक्त न गोठलेला पेशंट, दोघेही एकाच रचनेत बसतात. या फॉर्ममध्ये नळी काचेची होती का, नवी आणि कोरडी होती का, हे फील्ड जरूर ठेवा. दोन मिली ताजं रक्त काचेच्या नळीत वीस मिनिटं न हलवता ठेवून मग तिरकं करून बघायचं असतं. प्लॅस्टिकच्या नळीत, किंवा साबणाने धुतलेल्या काचेच्या नळीत, चांगलं रक्तही गोठत नाही आणि पेशंटला नको असलेलं प्रतिविष जातं. वॉर्डात काचेच्या नळ्या संपल्या की कोणीतरी जवळची प्लॅस्टिकची उचलतो. हे फील्ड असेल तर ते निदान कळतं.

डेटा बाहेर काढताना मात्र इथेच फसगत होते. रिपीटिंग फॉर्मची प्रत्येक प्रत वेगळी ओळ म्हणून येते. एका पेशंटच्या पाच चाचण्या असतील तर त्याच्या सहा ओळी: एक मुख्य, पाच चाचण्यांच्या. चाचण्यांच्या ओळींत वय, लिंग वगैरे रकाने रिकामे असतात. ओळी मोजून पेशंट मोजले तर 90 चे 400 होतात, आणि अर्ध्याहून जास्त माहिती "मिसिंग" दिसते. फाइलमध्ये कुठल्या इन्स्ट्रुमेंटची ओळ आहे हे सांगणारा रकाना असतो. तो जिथे रिकामा आहे त्या ओळी म्हणजे पेशंट. त्या वेगळ्या काढा, चाचण्यांच्या ओळी वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि अभ्यास क्रमांकावरून जोडा. स्टॅटिस्टिशियनकडे जाण्याआधी हे केलं तर त्यांचा आणि तुमचा बराच वेळ वाचतो.

एकापेक्षा जास्त पर्याय निवडायची चेकबॉक्स फील्डही अशीच पसरतात. दहा लक्षणांची यादी म्हणजे फाइलमध्ये दहा रकाने, प्रत्येकात 0 किंवा 1. यात चूक काही नाही, विश्लेषणाला हेच हवं असतं. फक्त एकही खूण केली नसेल तर "एकही लक्षण नव्हतं" की "भरायचं राहिलं" हे कळत नाही. म्हणून यादीच्या शेवटी "यांपैकी काही नाही" हा पर्याय हवाच.

एसपीएसएस, आर, स्टाटा आणि सॅससाठी तयार फाइल मिळते, लेबलांसकट. थिसिसच्या मागे जोडायच्या मास्टर चार्टसाठी लेबलवाली सीएसव्ही आणि विश्लेषणासाठी कोडवाली, अशा दोन्ही उतरवून ठेवा. सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडून पुन्हा सेव्ह केली की क्रमांकाच्या पुढची शून्यं गळतात आणि "12-3" सारख्या नोंदीची तारीख होते. मूळ फाइलला हात न लावता प्रतीवर काम करावं.

प्रॉडक्शनमध्ये नेणं

नवा प्रोजेक्ट "डेव्हलपमेंट" अवस्थेत असतो. या अवस्थेत फील्ड पुसलं की त्यातली माहितीही जाते, त्याला ॲडमिनची मंजुरी लागत नाही. आठ-दहा काल्पनिक पेशंट भरून बघा, एक मृत्यूचा, एक डामा झालेला (डॉक्टरांचा सल्ला न मानता घरी गेलेला), एक मध्यरात्रीचा, एक विषबाधा नसलेला. ते फाइलमध्ये काढून गाईडना दाखवा. ही पायरी गाळली तर पंधराव्या पेशंटला कळतं की मृत्यूची वेळ विचारणारं फील्डच नाही. खरा पहिला पेशंट घेण्याआधी प्रोजेक्ट "प्रॉडक्शन"मध्ये न्या आणि नेताना चाचणीचा डेटा पुसण्याचा पर्याय निवडा.

त्यानंतरचे बदल "ड्राफ्ट मोड"मधून होतात आणि बऱ्याच ठिकाणी ॲडमिनची मंजुरी लागते. चिडचिड होते, पण हे कुंपण गरजेचं आहे. समजा निकालाच्या फील्डला 1 बरा, 2 मृत्यू, 3 डामा असे कोड आहेत, आणि मधेच "रेफर" हवा म्हणून 3 रेफर, 4 डामा असं केलं. आधीचे सगळे डामा त्या क्षणी रेफर होतात. सॉफ्टवेअर लेबल जुळत नसल्याचा इशारा दाखवतं, तो वाचायला हवा. नव्या पर्यायाला नेहमी पुढचा न वापरलेला अंक द्या. यादीतली त्याची जागा कुठेही असू शकते.

रोजच्या वापरात

"रेकॉर्ड स्टेटस डॅशबोर्ड" हे पान रेसिडेंटच्या सर्वांत उपयोगाचं. प्रत्येक पेशंटची एक ओळ, प्रत्येक फॉर्मसाठी एक ठिपका: लाल अपूर्ण, पिवळा तपासायचा, हिरवा पूर्ण. राउंड संपल्यावर पान उघडलं की आज कुणाचं काय राहिलं हे तीस सेकंदांत कळतं. कालचा पेशंट शोधा, प्रोफॉर्मा चाळा, कुठे थांबलो होतो ते आठवा, हा वेळ वाचतो. ड्युटीमुळे काम सतत तुटत असताना ही बचत मोठी आहे. पोस्ट-इमर्जन्सी थकव्यात थिसिस करणं अवघड असतं, पण दोन पिवळे ठिपके हिरवे करणं जमतं.

लॉगिन मात्र प्रत्येकाचं वेगळं हवं. जेआर-1 (पहिल्या वर्षाचा रेसिडेंट), इंटर्न, जिल्हा पोस्टिंगच्या काळातला सहसंशोधक, सगळ्यांना स्वतंत्र नाव द्या आणि हवे तेवढेच अधिकार द्या: इंटर्नला फक्त कॅज्युअल्टीचा फॉर्म, गाईडना सगळं वाचण्याचा अधिकार, रेकॉर्ड पुसण्याचा अधिकार एकाच व्यक्तीला. कोणी काय कधी बदललं याची पूर्ण नोंद रेडकॅप ठेवतं. एकच पासवर्ड साऱ्या युनिटने वापरला तर ही नोंद निरुपयोगी ठरते, आणि एथिक्स कमिटीने विचारल्यावर उत्तर राहत नाही.

नाव, मोबाइल, इंडोर क्रमांक या फील्डना "आयडेंटिफायर"ची खूण करा. मग ती वगळून फाइल उतरवता येते. तारखा सरकवण्याची सोयही आहे: प्रत्येक पेशंटच्या सगळ्या तारखा सारख्याच दिवसांनी मागे जातात, त्यामुळे मधली अंतरं तशीच राहतात. सर्पदंशाच्या अभ्यासात ती वापरताना जपून, कारण महिना बदलला की पावसाळ्याचा ठसा पुसला जातो. ऋतू हवा असेल तर दंशाचा महिना वेगळ्या फील्डमध्ये घ्या. त्याहून चांगला मार्ग म्हणजे नाव रेडकॅपमध्ये घालायचंच नाही. अभ्यास क्रमांक आणि नाव जोडणारी वही विभागाच्या कुलुपात ठेवायची.

कमी पडतं कुठे

मोबाइलच्या ब्राउझरमध्ये ते चालतं, पण छोट्या स्क्रीनवर लांब फॉर्म कंटाळवाणा होतो आणि नेटवर्क गेलं की भरलेलं पान हातचं जातं. लांब फॉर्म तोडण्याचं हेही एक कारण. ऑफलाइन कामासाठी वेगळं मोबाइल ॲप आहे. ते सुरू करायला ॲडमिनकडून टोकन लागतं, आणि माहिती सर्व्हरवर पाठवेपर्यंत त्या एका फोनमध्येच असते. फोन हरवला किंवा रीसेट झाला तर ती परत मिळत नाही. वापरायचं असेल तर रोज ड्युटी सोडताना सिंक करायचंच.

गणिती फील्डची साठवलेली उत्तरं फॉर्म सेव्ह केल्यावरच बदलतात. सूत्र नंतर दुरुस्त केलं तर जुन्या पेशंटचे आकडे जुनेच राहतात, डेटा क्वालिटीतला गणिती आकड्यांचा नियम चालवून ते सुधारून घ्यावे लागतात. हे माहीत नसणारे बरेच जण जुन्या आकड्यांवरच विश्लेषण करतात. यादृच्छिक वाटपाचा विभाग आहे, पण वाटपाची यादी बाहेर बनवून चढवावी लागते आणि प्रॉडक्शननंतर ती बदलता येत नाही. एकच फॉर्म मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत दाखवण्याची सोय बाराव्या आवृत्तीपासून आली आहे. तुमच्या कॉलेजची आवृत्ती जुनी असेल तर ती मिळणार नाही.

आणि संमतीपत्र. इलेक्ट्रॉनिक संमतीची सोय रेडकॅपमध्ये आहे, पण अंगठा उठवणारा पेशंट, साक्षीदार आणि मध्यरात्रीची कॅज्युअल्टी यांत छापील मराठी संमतीपत्रच व्यवहार्य. त्याचा फोटो रेकॉर्डला जोडता येतो. तो आयडेंटिफायर आहे हे विसरू नका.

नसेल तर काय

एपिकलेक्ट-5 मोफत आहे, फोनवर ऑफलाइन चालतं आणि अर्ध्या तासात सुरू होतं. गणित करणं आणि बारीक अधिकार वाटणं यांत ते मागे आहे. वर्णनात्मक अभ्यासाला, एका रेसिडेंटच्या वापराला पुरेसं. कोबो टूलबॉक्समध्ये मर्यादा, अटी आणि सूत्रं चांगली घालता येतात. मोफत खात्याला वापराची मर्यादा असते, ती आधी तपासावी, आणि डेटा परदेशातल्या सर्व्हरवर राहील हे एथिक्स अर्जात लिहावं. गुगल फॉर्म एका बैठकीत भरून संपणाऱ्या प्रश्नावलीला ठीक. ज्या पेशंटची माहिती पाच दिवस तुकड्यातुकड्याने येते त्याला नाही, कारण अर्धवट नोंद पुन्हा उघडून पुढे भरणं तिथे जिकिरीचं होतं. एक्सेल वापरायचंच असेल तर डेटा व्हॅलिडेशन लावा, कोडची वेगळी शीट ठेवा, रंगांनी माहिती दर्शवू नका, आणि दर रविवारी तारखेच्या नावाने एक प्रत दुसरीकडे ठेवा.

जुन्या केस पेपरांवरून पन्नास पेशंटची माहिती एकदाच काढायची असेल, किंवा थिसिसला आठच महिने उरले असतील, तर रेडकॅप शिकण्यात वेळ घालवू नका, वरची एक्सेल शीट पुरे. पुढे जाऊन पेशंट घेणारा अभ्यास असेल, तपासण्या वारंवार होणाऱ्या असतील, दोन-तीन माणसं माहिती भरणार असतील आणि कॉलेजकडे सर्व्हर असेल, तर रेडकॅपच घ्या, आणि पहिल्या पावसाळ्याआधी फॉर्म प्रॉडक्शनमध्ये न्या.